नको म्हटलं तरी

आमच्या पिंपळगावात द्राक्षांच्या दिवसांत कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं म्हणजे लाजच. डॉक्टरकडे पेटी, बँकेत पेटी, पोरांच्या सरांना पेटी. समोरचा आधी ‘नको, नको’ म्हणतो, आपण ‘घ्या हो’ म्हणतो, तो पुन्हा नको म्हणतो आणि तिसऱ्या वेळेला घेतो. पहिल्या झटक्यात घेतली तर तो अधाशी, आणि त्याच्या नकोवर आपण पेटी परत आणली तर आपण चिकट. त्यामुळे निकिताच्या निवड चाचणीला निघताना आमच्या ह्यांनी गाडीत पाच किलोची पेटी टाकली, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

निकिता माझी थोरली. कबड्डीत चढाई करते. चाचणी नाशिकला होती, जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी. तिच्या वयाच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. आधी दोनदा ती राखीव म्हणून घरी परतली होती. यंदा नाव लागलं तर पुढचं खेळणं, नाहीतर संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

निवड समितीच्या प्रमुख पल्लवी मॅडम कडक बाई. आल्या आल्या त्यांनी मुलींना रांगेत उभं केलं. “खेळ तर मी बघेनच. पण बाद झाल्यावर तोंड वाकडं करणारी, पंचांशी हुज्जत घालणारी मुलगी मला संघात नको. आणि पालकांनी दोरीच्या पलीकडे थांबायचं.”

मी मनात म्हटलं, मग तर झालंच काम! वागण्यात आमच्या निकिताला कोण मागे टाकणार? पडलेल्या पोरीला हात देऊन उठवल्याशिवाय ती आपल्या अंगणात परतत नाही.

तेवढ्यात हे पेटी घेऊन दोरीच्या आत शिरलेसुद्धा.

“मॅडम, घरची हायेत. लय गोड. पोरांना होतील.”

“नको. घेऊन जा.”

“आवो, असू द्या ना.”

“मी नको म्हणतेय.”

ह्यांचा चेहरा फुलला. दोन नको झाले होते, आता बाई घेणारच. त्यांनी पेटी समितीच्या टेबलावर ठेवली, हात जोडले आणि मागे फिरले. “लय साधी बाई हाय,” मला म्हणाले. शेजारच्या एका बापाने मोबाइल वर धरला होता. मॅडम उठल्या, पेटी उचलून आमच्यापर्यंत चालत आल्या, ती आमच्या पायाशी ठेवली आणि परत गेल्या.

“शहरातल्या बायांचं असंच असतं,” हे म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

निकिताने सगळं पाहिलं होतं. कान लाल झाले होते पोरीचे. पण मॅटवर उतरली आणि काय खेळली म्हणून सांगू! एका चढाईत तिघींना शिवून आली. पुढच्या चढाईत पंचांनी तिला चुकीचं बाद दिलं. ती मात्र मान हलवून गुपचूप बाहेर जाऊन बसली. पलीकडच्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी बारा नावं वाचली. तिचं नव्हतं. राखीवमध्येही नव्हतं.

मॅडमनी आम्हाला बाजूला बोलावलं. “आज तिच्यासारखी चढाई कुणाची झाली नाही. वागणं तर उत्तमच, म्हणून तोंडावर सांगते. तिचं नाव लावलं असतं तर पेटी देऊन निवड झाली, अशी उद्या तक्रार आली असती. फोटो तर फिरायलाही लागलाय. एकीपायी मी बाराजणींचा संघ अडकवू शकत नाही.”

“मॅडम, चूक माझी हाय. मला काय पण बोला, पोरीला कशाला?” हे त्यांच्या पायाशी वाकायला लागले. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

“पप्पा, नको,” निकिता म्हणाली.

हा नको त्यांना पहिल्याच वेळेला कळला.

तिच्या जागी पेठकडच्या यमुना गावितचं नाव लागलं होतं. ती पोरगी अपराध्यासारखी पायरीपाशी उभी होती. निकिता आपण होऊन तिच्याकडे गेली. “छान खेळलीस गं.” मग तिची नजर यमुनाच्या पायांकडे गेली. बुटाचा तळ पुढून उघडला होता. निकिता पायरीवर बसली आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

“सहा नंबर आहे. होतात का बघ.”

“आणि तुला?”

“मला आता काय करायचेत?”

हे ती हसून म्हणाली. तोंड वाकडं नाही, हुज्जत नाही, मॅडमना हवी होती तशीच. मला वाटलं, हिने ते बूट कुणाच्या तरी डोक्यात घालावेत, माझ्या घालावेत, बापाच्या घालावेत, पण ओरडावं एकदा. कशाला शिकवलं मी हिला इतकं शहाण्यासारखं वागायला?

यमुनाने बूट घातले. तिला ते नीट बसले. निकिता तापलेल्या डांबरावरून अनवाणी गाडीपर्यंत गेली. त्यानंतर ती मॅटवर उतरलेली नाही.