माळवदाखालची गाय

रुपालीच्या लग्नातले हळदीचे हात अजून भिंतीवर ताजे होते, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भारतने टेम्पोची फळी पाडली आणि काळ्या-पांढऱ्या गाईला कासऱ्याने ओढत वळसंगच्या मातीवर उतरवलं. बहीण सासरी गेली होती, मेंढरं बाजारात गेली होती, आणि मेंढरांच्या बदल्यात ही आली होती. त्याचा बाप बिरप्पा घोंगडं खांद्यावर टाकून दूर उभा होता. गाईने एक पाऊल टाकलं आणि ती थांबली. जमीन पोळत होती.

"आप्पा, हिची आई एका वेळंला कळशी भरत हुती. रक्तच तसलं हाय."

"रक्त चांगलंच हाय," बिरप्पा म्हणाला. "पर मुलूख हिचा न्हाय ह्यो."

"तुमाला आपलं मेंढरांचंच कौतुक."

"कुटं ऱ्हायली मेंढरं? माजी समदी मेंढरं हिच्यातच हायत आता."

भारत हसला. बिरप्पा हसला नाही.

गाईसाठी नवा पत्र्याचा गोठा होता. चैत्र तापू लागला तशी दुधाची बादली निम्म्यावर आली. एका दुपारी भारतला बोअरजवळून गाय दिसली. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. हातातला पाइप टाकून तो धावला आणि मोटारसायकलवर डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी गोठ्याच्या खांबाला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

"दूध थोडं रक्तात असतं. बाकीचं चाऱ्यात, पाण्यात आणि सावलीत. रक्त तुम्ही आणलंत, आणि भट्टीत बांधलंत. दुधाचं सोडा, गाय राहते का बघा."

त्याच संध्याकाळी बिरप्पाने आपलं अंथरूण गुंडाळलं. घरामागे त्याची खोली होती. दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं जाड माळवद. वैशाखातही आत विहिरीसारखा गारवा असे.

"हिला माज्या खोलीत बांदा," तो म्हणाला.

"आन मामा, तुमी?" सून प्रियंका पुढे आली. "आमच्यात या की. पंखा हाय."

"मेंढक्याला पंखा? उभा जन्म माळावर काढला म्या. गाय थंड मुलखाची. आमचं रक्त उनाचंच हाय."

"आप्पा म्हंजे लोखंड," भारत म्हणाला.

ते सगळ्यांनाच पटलं. माळावर वारा असतो, बाभळ असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बिरप्पा पत्र्याखाली राहायला गेला.

खोलीचं दार रुंद केलं. खिडकीला ओलं पोतं लागलं, आत कूलर बसला. भारत रोज दुपारी गाईच्या कुशीवर हात ठेवून तिचा श्वास बघायचा. बादली पुन्हा भरू लागली. बिरप्पा सकाळी येऊन बादलीत डोकावायचा, मान हलवायचा आणि गोठ्यात परत जायचा. भाकरी अर्धीच खायचा. आयुष्यभर त्याच्या पायाशी झोपलेलं कुत्रं एक दिवस उठलं आणि गाईच्या उंबऱ्यावर जाऊन पसरलं.

"बघा की, कुत्र्यालाबी दूध कळलं," भारत म्हणाला. प्रियंका हसली.

पुढे एका दुपारी ती ताक घेऊन गोठ्यात गेली. पत्रे तडतडत होते. बिरप्पा घोंगड्यावर खांबाला टेकून बसला होता. तोंड उघडं, श्वास भरभर, अंगावर घामाचा थेंब नाही. असं कुठंतरी पाहिल्यासारखं तिला वाटलं. कुठं, ते आठवेना.

"मामा, बरं वाटंना का?"

त्याने ताकाकडे पाहिलं नाही. खोलीच्या दिशेने हात केला.

"तिला पाणी दाव आदी."

तिने तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि ती गाईकडे गेली.

संध्याकाळी भारत धार काढून उठला. फेस बादलीच्या काठावर आला होता.

"आप्पा, या की बगायला! कड गाटली!"

मग तो दूध सांडू नये म्हणून बादली दोन्ही हातांनी धरून, सावकाश गोठ्याकडे निघाला.

तांब्यातलं ताक तसंच होतं.

रुपालीच्या लग्नाच्या वर्षी, अक्षय तृतीयेनंतरच्या बुधवारी, दुपारी बिरप्पा वारला. त्या दिवशी गाईचं दूध कमी झालं नाही.