शिवणीत राखलेलं कापड

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. ऊन काचेतून हळूच आत येई, मशीनवर अंग टाकी, आणि टेलरमास्तरांचे पाय पायडलवर थबकत. मग त्यांचं ठरलेलं स्वप्न सुरू होई. गॅलरीत वेताची खुर्ची, हातात चहा, आणि कुणाचंही माप घ्यायचं नाही! त्या चहाचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न मात्र स्वप्नाकडे कधी फिरकत नसे. आपल्यापैकी कितीजणांची स्वप्नं अशीच बिनहिशेबी असतात!

अशाच एका दुपारी त्यांची थोरली बहीण नातीचा फ्रॉक घेऊन आली. ताई पोस्टातून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ.

"पोरगी वाढली रे. एवढा सैल करून दे."

"आत कापड राखलंय, ताई. शिवतानाच ठेवतो मी."

"आणि स्वतःसाठी काय राखलंयस?"

"माझी कसली वाढ आता?" मास्तर हसले.

"वय वाढतंय ना! हल्ली सुई ओवायलासुद्धा बायकोला हाक मारतोस."

मास्तरांचं हसू मावळलं. "तुझं बरं आहे, तुला पेन्शन आहे. आम्हा दुकानदारांना कोण देणार?"

"तुझी तूच सुरू करायची. दरमहा झेपेल तेवढं बाजूला टाकायचं, म्हातारपणी ते दरमहा परत येतं. पण जाहिरातीला भुलू नकोस. खर्च किती कापतात, जोखीम किती, मध्येच पैसे काढता येतात का, सगळं विचार. कापड घेताना चुरगाळून बघतोस ना, तसं!"

आठवड्याभरातच मास्तर, बायको आणि ताई अशी तिघं पेन्शनच्या कार्यालयात गेली. मास्तरांनी तिथल्या मुलीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि सगळ्यांत कमी खर्चाची योजना निवडली. स्वारी खूश! बायको पिशवी सांभाळत मागे उभी होती.

"आणि हिचं?" ताईने विचारलं.

"माझं ते तिचंच की!"

"असं? तुझी पेन्शन तुझ्या नावावर. तुझ्यामागे हिला त्यातलं किती मिळेल, विचारलंस? काजं, बटणं, हातशिलाई, जन्मभर कोण करतंय?"

मास्तर माहितीपत्रकाची पानं उलटू लागले. ती मुलगी मात्र बायकोकडे बघून म्हणाली, "काकू, काम थांबल्यावर काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

बायको लाजली. मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "समुद्रावर जाऊन बसायचंय. हातात सुई नको, काही नको. नुसतं पाण्याकडे बघत."

मास्तर चमकले. इतकी वर्षं समोरासमोर बसून हिला काय हवंय ते आपण कधी विचारलंच नाही! आणि आपल्या गॅलरीत खुर्ची तरी किती? एकच! त्यांची नजर तिच्या ब्लाउजवर गेली. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांनीच शिवलेला तो. आत राखायला कापड उरलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"बाई," ते त्या मुलीला म्हणाले, "माझी रक्कम निम्मी करा. उरलेल्या निम्म्यात हिच्या नावाने वेगळं खातं उघडा."

"अहो, मला कशाला?" बायको पुटपुटली.

"समुद्रावर जायचंय ना? मग सही कर!"

घरी येताच मास्तरांनी नव्या ताग्यातून तिच्या ब्लाउजचं कापड बेतलं. शिवणीत चांगलं ऐसपैस कापड राखलेलं पाहून ती हसायला लागली. "मी काय आता वाढणार आहे?"

"असू दे," मास्तर म्हणाले.

मित्रहो, म्हातारपण सगळ्यांनाच येतं, पगार मिळणाऱ्याला आणि न मिळणाऱ्यालाही. हातपाय चालतायत तोवर त्याची सोय करा. आणि करताना घरात बिनपगारी राबणाऱ्या माणसाच्या नावाने वेगळं राखायला विसरू नका!

मास्तर अजूनही दुपारी स्वप्न बघतात. आता खुर्च्या दोन असतात, आणि गॅलरीसमोर समुद्र असतो.