हॅनोव्हरला गाडी बदलताना

हेनिंग ब्रोकमायर कासेलला वाकड्या, दुखऱ्या पायांसाठी खास बूट बनवायचा. हात चांगला होता, स्वभाव गरीब. एकदा कामावर असताना त्याला फिट आली आणि त्याचं गाडी चालवायचं लायसन्स गेलं. पुढे संसारही मोडला. बायको वीबके मुलीला घेऊन उत्तरेला, लेअरला आपल्या माहेरी गेली. मुलगी टोमके तेव्हा पहिलीत होती. दर पंधरवड्याला शुक्रवारी बापानं तिला घेऊन यायचं आणि रविवारी रात्री आठच्या आत परत पोचवायचं, असं ठरलं. गाडी चालवता येत नाही म्हटल्यावर उरली रेल्वे, आणि रेल्वेत मध्ये हॅनोव्हरला गाडी बदलावी लागे.

आपल्या जर्मनीत गाड्या किती उशिरा धावतात हे कुणाला सांगायला नको. पहिल्याच हिवाळ्यात हॅनोव्हरला त्यांची लेअरची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची मिळेपर्यंत बापलेक बाकावर बसून राहिले. लेअरला पोचले तेव्हा पोर खांद्यावर झोपली होती. वीबके ओरडली नाही. तिला उद्या शाळा आहे, एवढंच म्हणाली. महिन्याभरात पुन्हा तसंच झालं आणि गोष्ट बालकल्याण कार्यालयात गेली. तिथल्या ल्यूडेकेबाई भल्या होत्या. त्यांनी हेनिंगला समजावलं की मुलांना आईबापांचं बाकी काही नसलं तरी चालतं, भरवसा लागतो.

तो शब्द हेनिंगच्या मनात काट्यासारखा रुतला. दुकानात त्याच्या शेजारी बसणाऱ्या डेटलेफनं त्याला कॉम्प्युटरवरचं एक पान दाखवलं. कुठली गाडी मागच्या काही वर्षांत कधी, किती उशिरा आली, याची सगळी नोंद तिथं होती. त्यावरून ते पान सांगायचं, की अमुक गाडीनं गेलात तर पुढची गाडी शंभरातून किती वेळा मिळेल.

डेटलेफ म्हणाला, “लग्नाआधी बायकांना आपला असा मागचा हिशोब बघता आला असता, तर आपण दोघेही सडेफटिंग राहिलो असतो.”

हेनिंग हसला, पण ते पान त्यानं धरलं ते धरलंच. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा जमणारी गाडी तो शोधून काढायचा. अशी गाडी दुपारच्या आतच सुटायची आणि हॅनोव्हरला तासाभराहून जास्त ताटकळवायची. त्याची त्याला फिकीर नव्हती. त्यानंतर तो कधी उशिरा पोचला नाही. वीबकेची कुरबुर थांबली. लेअरच्या स्टेशनवर ती त्याला हात करायला लागली.

पण रविवार हातचा गेला. शनिवारी संध्याकाळीच तो पोरीची बॅग भरायला घ्यायचा. रविवारी न्याहारीला बसायचा तो पायात बूट घालूनच. कासेलच्या डोंगरावरच्या बागेत उन्हाळ्यात रविवारी दुपारी पाणी सोडतात. ते पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं आणि शेवटी तळ्यात उंच कारंजं उडतं. सगळं गाव बघायला लोटतं. टोमकेनं एकदोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. पाणी सुटायच्या वेळी ती हॅनोव्हरच्या फलाटावर असायची.

टोमके दहा वर्षांची झाली तेव्हा ल्यूडेकेबाईंनी तिला एकटीला बोलावून विचारलं, की हे असंच चालू ठेवायचं ना? मग त्यांनी हेनिंगला बोलावून घेतलं. बोलताना त्या हातातल्या कपाकडे बघत होत्या. टोमके म्हणाली होती की दर पंधरवड्याला नको, सुट्टीत जाईन.

हेनिंगनं विचारलं, “माझं काही चुकलं का?”

बाई म्हणाल्या, चुकलं असतं तर सांगणं सोपं होतं. पोरीची काही तक्रार नव्हती. पपाकडे गेलं की आम्ही सारखे निघतच असतो, एवढंच ती म्हणाली. सगळ्यात मजा कधी आली असं विचारलं, तर म्हणाली, हॅनोव्हरला गाडी चुकली तेव्हा. त्या दिवशी पपानं बटाट्याचे तळलेले काप घेतले, पत्ते खेळला, मुद्दाम हरला, आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, कारण बघून उपयोगच नव्हता.

बाईंनी त्याला एक सवड दिली. आणखी एक शनिवार-रविवार होऊ दे, म्हणाल्या, मग मी तिला पुन्हा विचारते. तेव्हा ती म्हणेल ते कायम.

त्या आठवड्यात हेनिंग पुन्हा ते पान उघडून बसला, पण या खेपेला उलट्या बाजूनं. सगळ्यात बेभरवशाची गाडी कुठली, ते तो शोधत होता. रविवारी दुपारची एक सापडली. त्या गाडीनं गेलं तर पुढची शंभरात जेमतेम दहा-बारा वेळा मिळायची. मिळाली तर आठाच्या ठोक्याला लेअर, नाही तर दोन तास हॅनोव्हर. हे सांगितलं तेव्हा डेटलेफ हातातलं चामडं खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिला. गाडी चुकावी म्हणून तिकीट काढणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

रविवारी ते बागेत गेले. पाणी वरून आलं, दगडांवरून कोसळलं, पुलाखालून गेलं. माणसांच्या लोंढ्याबरोबर टोमके पाण्याच्या पुढेपुढे धावत खाली आली. कारंजं उडालं तेव्हा वाऱ्यानं तुषार अंगावर आले आणि ती बापाच्या कोटात शिरली. हेनिंगनं फोन बॅगेच्या तळाशी टाकला होता.

गाडीत बसल्यावर त्यानं हळूच सांगितलं, की आज बहुतेक आपण हॅनोव्हरला अडकणार.

टोमकेनं डोळे बारीक केले. “मुद्दाम?”

“रेल्वेच्या मनात असेल तर.”

“आई चिडेल.”

“चिडू दे. मी ऐकून घेईन.”

ती खुदकन हसली. मग तळलेले काप कुणी घ्यायचे, हरलेल्यानं काय करायचं, हे तिनं ठरवून टाकलं. हेनिंगला वाटलं, इतकी वर्षं आपण ज्या उशिराला भ्यालो, त्याच्याच पोटात आपलं सुख होतं.

गाडी मात्र त्या दिवशी कुठंच रखडली नाही. बाहेर शेतं पळत होती. हॅनोव्हरला ती अगदी वेळेवर लागली. दार उघडलं आणि फलाटाच्या पलीकडच्या अंगाला लेअरची गाडी उभी. दारं उघडी, गार्ड शिट्टी तोंडात धरून.

टोमकेनं वर बापाकडे बघितलं. करायचं काहीच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

पण चार वर्षांची सवय पायात मुरली होती. हेनिंगनं एका हातात बॅग घेतली, दुसऱ्यात पोरीचं मनगट, आणि तो धावला. आत पाय पडले आणि पाठीमागे दार बंद झालं. सवयीनं त्याच्या तोंडून “मिळाली” निघालं. मग त्याला कळलं.

गाडी हलली. टोमकेनं आपलं मनगट सोडवून घेतलं, चोळलं. रागावली नव्हती.

ती म्हणाली, “गेली असती तरी चाललं असतं, पपा.”

पुढच्या स्टेशनला उतरू या, असं तो म्हणाला, पण तिनं नाही म्हणून मान हलवली. उतरण्यात आता काही नव्हतं, हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. मग त्यानं पत्ते काढले. ती खेळली, मोठ्या माणसासारखी, त्याच्यासाठी.

लेअरला वीबके उभी होती. फलाटावरच्या घड्याळाकडे बघून ती मनापासून म्हणाली, की तुझं मानलं पाहिजे हेनिंग, या गाडीनंसुद्धा वेळेवर.

बुधवारी ल्यूडेकेबाईंचा फोन आला. टोमके उन्हाळ्यात तीन आठवडे येईल, नाताळनंतर काही दिवस, आणि मध्ये तिला वाटलं तर. बाई गोडीनं बोलल्या. अधूनमधून तुम्हीच लेअरला जात जा, म्हणाल्या. हेनिंगनं आभार मानले आणि कामाला बसला.

काय झालं रविवारी, असं डेटलेफनं विचारलं.

“वेळेवर पोचलो,” हेनिंग म्हणाला.