ढिगातली सर्वांत वरची गादी

पाळणाघरात एकवीस मुले होती. त्यांपैकी एकच मुलगी आजारी पडत असे, आणि तीही फक्त सोमवारी. ती पाळणाघर चालविणाऱ्या बाईंची चार वर्षांची नात होती.

आजी तिला भिंगरी म्हणत. तिसऱ्या सोमवारी भिंगरी सकाळच्या झोपेतून उठली ती लाळ गाळत, पोट आवळून धरत. तिची आई कामावरून धावत आली.

"आई, तुझ्याकडे आली की हिची नाटकं सुरू होतात. काल दिवसभर माझं डोकं खात होती, ठणठणीत."

"तुझ्यावरच गेलीये. शाळेची वेळ झाली की तुझंही पोट दुखायचं, आणि घंटा होऊन गेली की भूक लागायची."

दोघी हसल्या. दुपारपर्यंत मुलगी सावरली, त्यामुळे हे निदान दोघींनाही पटले.

चौथ्या सोमवारी भिंगरी उठलीच नाही. तोंडाला फेस होता, छाती घरघरत होती. रुग्णालयात तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवले. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली. उजेड बेताचा होता. अशा वेळी बाहुल्या रुंदावतात. भिंगरीच्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

"आजी, घरात फवारणी केली होती?"

"घरात नाही. पाळणाघरात, महिनाभर दर शनिवारी, दुपारी दीडला. एका बाईंना तिथे झुरळ दिसलं, तेव्हापासून."

"नंतर खिडक्या उघडता?"

"सोमवारी. फवारणारा म्हणतो, दोन तासांनी उघडा. पण औषध असं उडून गेलं, तर झुरळं काय लाजेनं मरणार?"

डॉक्टर हसले नाहीत. "सोमवारी आधी कोण येतं?"

"मी आणि ही, साडेसातला. झोपमोड झालेली असते, म्हणून गादी घालून देते. ढिगातली सगळ्यात वरची, ती हिचीच. मग मी मागे स्वयंपाकघरात जाते. खिडक्या नऊला उघडते, मुलं यायच्या आधी. हिला झोपेत गार वारा लागू नये म्हणून."

"तुमचं डोकं दुखतं?"

"सोमवारी दुखतं. वय झालं आता."

डॉक्टरांनी दोघींचे रक्त तपासले. असले कीटकनाशक शरीरातल्या ज्या विकराला निकामी करते, ते आजींच्या रक्तात थोडे घटले होते. नातीच्या रक्तात ते जवळजवळ उरले नव्हते.

भिंगरी पाचव्या दिवशी वारली.

कारण असे होते. शनिवारी फवारलेले कीटकनाशक बेचाळीस तास बंद खोलीत राहून ढिगातल्या सर्वांत वरच्या गादीत मुरत असे. सोमवारी खिडक्या उघडण्यापूर्वी, त्या गादीत नाक खुपसून, दीड तास एकच मूल झोपत असे.