धोंडीरामची टोपी आणि वाघोबासमोरची जागा

मी धोंडीरामची टोपी बोलतेय. एके काळी पांढरी होते. आता घामाने नि तेलाने माझा रंग कुठला, ते मलाच सांगता यायचं नाही. सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीत त्याच्या पिवळ्या हेल्मेटखाली मी दिवसभर उकडत असते.

जव्हारच्या बाजारात मला हौसेने घेतलं ते त्याच्या बायकोने, भीमाबाईने. डोंगरातल्या त्यांच्या वारली पाड्यावर एक रीत आहे. गावसभेत प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी परमुलखात असेल, तर त्याची वापरातली टोपी वाघोबा देवासमोर त्याच्या जागी ठेवायची, की तो हजर. एकही जागा रिकामी असली, तर ठराव होत नाही. म्हणून धोंडीरामने मला घरच्या खुंटीवर ठेवून निघायचं होतं. पण बोडक्याने विमानात बसायची लाज वाटली, आणि स्वारी मला घालूनच निघाली! मीही मिरवले, खोटं कशाला बोलू?

पाड्यामागचं जंगल दगडखाणीला द्यायचं घाटत होतं. तिथल्या आमदार रूपालीताई त्याच डोंगरातल्या. जेवणाच्या सुट्टीत धोंडीरामने मोबाईलवर त्यांचं विधानसभेतलं भाषण लावलं.

"जंगल सरकारी म्हणता, पण राखलं आम्ही! दरसाल ऊन वाढतंय, झरे आटतायत, आणि तुम्ही झाडं तोडता? निर्णय गावसभाच घेईल, तोही आमच्या रीतीने."

शेजारी बसलेला चिपळूणचा वैभव जेवायचा थांबला. लांबवर रिफायनरीच्या चिमणीची ज्योत भडभडत होती.

ताई जिंकल्या. सरकारने रीत मान्य केली, पण ठराव करायला मुदत दिली अगदी थोडी. टेकडीवर चढून, रेंज धरून भीमाबाईने फोन केला, "परवा सभा हाय. तुझी टोपी कुठं ठेवलीस?"

धोंडीरामचा हात डोक्यावर गेला.

फोन आला त्याच दिवशी वैभव सुट्टीवर निघणार होता. त्याने मला बॅगेत घेतलं. पण देशाबाहेर जायची त्याची परवानगी ठेकेदाराच्या ऑफिसात अडकली. कारकून म्हणाला, "बुकरा." म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही बुकराच. मी बॅगेत चुरगळून पडून होते. मला पाय असते तर!

"दुसरी एखादी ठेव ना माझ्या नावानं," धोंडीराम फोनवर रडकुंडीला आला.

"वाघोबासमोर खोटं ठेवू? माझ्याच्यानं नाय व्हनार."

पुढचं तिनेच सांगितलं. बाकीच्या टोप्या जागच्या जागी होत्या. सरकारी साहेबाने रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं, "रीत तुमचीच ना?" हीच रीत ताईंनी भांडून मिळवली होती. खाण नको, हा ठराव होऊ शकला नाही आणि मुदत संपली. आता तिकडे झाडं पडतायत.

दूरदेशी निघणाऱ्यांनो, डोक्यावरचं काहीतरी घरी ठेवून जा रे बाबांनो.

वैभवची परवानगी आली सभेनंतर. बॅगेतून मला काढून तो म्हणाला, "नेऊ हिला?"

"आता कशाला?" धोंडीराम म्हणाला. त्याने मला झटकलं, डोक्यावर ओढलं आणि वरून हेल्मेट घातलं.