दुसऱ्या दिवसाचं गाणं

"आज माशाच्या पोटातलं नका गाऊ," श्मूनी दारात आडवी उभी राहिली. "अहो, ऐकताय ना? तेवढं एक नका गाऊ."

ओदिशो डोक्याला पटका गुंडाळत होता. पुन्हा सुटला. साऱ्या गावाच्या दाढ्या केल्या, कधी कुणाच्या गालावर ओरखडा उठू दिला नाही, आणि आज त्याच हाताला स्वतःचं डोकं सापडत नव्हतं.

"अगं, आज दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी दुसरं काय गाणार?"

"ते मला नका सांगू. माझा इशाया बाहेर आहे, आणि तुम्ही देवळात उभे राहून माशाचं तोंड मिटवणार!"

तीच भीती त्याच्याही मनात होती.

आमच्या ख्रिस्ती लोकांचा निनवेकरांचा उपास कालच सुरू झाला होता. तीन दिवस अन्न नाही. कडक पाळणारे पाणीही घेत नाहीत. त्यांचा मुलगा इशाया काल पहाटे अंड्यांची गाडी घेऊन मोसुलला गेला, तो दुपारच्या प्रार्थनेला परतायचा होता. आला नाही. फोन बंद. त्या हिवाळ्यात मोसुलच्या रस्त्यावरून माणसं पळवली जात होती; कुणाचा फोन बंद लागला की त्याचा अर्थ निनवेच्या मैदानातल्या साऱ्या गावांना कळायचा. तोंडाने म्हणायचं मात्र कुणी नाही.

गाणं ओदिशोच्या घराण्याचं. नुसतं बोललेलं प्रवचन आमच्या लोकांच्या अंगाला लागत नाही. ते गाऊनच सांगावं लागतं, आणि लोकांनी कडव्याकडव्याला साथ द्यावी लागते. पहिल्या दिवशी योना संदेष्टा देवापासून पळतो, समुद्रात पडतो आणि मासा त्याला गिळतो. दुसऱ्या दिवशी माशाच्या पोटातला त्याचा आक्रोश. तिसऱ्या दिवशी किनारा, आणि उपास धरून पश्चात्ताप करणाऱ्या निनवे शहराची सुटका. बापाने हे शिकवलं तेव्हा गावातल्या यहूदी रंगाऱ्याची गोष्टही सांगितली होती. प्रायश्चित्ताच्या दिवशी ते लोकही योनाचंच पुस्तक वाचायचे. गाव सोडून जाण्याआधी रंगारी हसत म्हणायचा, "योना आमचा, पण त्याच्यापायी उपाशी मरता तुम्ही!" त्यावर बाप म्हणायचा, "आमच्या प्रभूने त्याचीच खूण दिली, बाबा. तुमचा माशात तीन दिवस, आमचा कबरेत. पाव्हणा म्हणून नाही, घरचा म्हणून गातो आम्ही त्याला."

देवळाच्या पायरीवर झाया उभा होता, ओदिशोचा मित्र. दरवर्षी या दिवशी तो ठरलेली थट्टा करायचा, "उपाशी न्हाव्याच्या हाती वस्तरा देऊ नका रे!" आज त्याने फक्त ओदिशोच्या खांद्यावर हात ठेवला. ओदिशोला थट्टा न झाल्याचीच जास्त भीती वाटली.

तो गायला उभा राहिला. "खोल पाण्याने मला वेढलं," इथवर आवाज नीट होता. पुढची ओळ दाराला बाहेरून अडसर बसण्याची होती: "पृथ्वीचे अडसर माझ्यामागे पडले." त्याने तोंड उघडलं. समोर बायकांच्या बाजूला श्मूनी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून बसली होती. त्याने सरळ पुढची पानं उलटून किनारा गायला घेतला. मासा तीरावर येतो, योना उन्हात पाऊल टाकतो. भराभर, धापा टाकत, कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं.

साथ विस्कटली. निम्मे थांबले, निम्मे कसेबसे ओढत राहिले. पुढच्या बाकावरून खातूनआत्या कडाडली, "अरे ओदिशो, उद्याचं आज गातोस? डोकं फिरलंय का तुझं?"

पण तो थांबला नाही.

नंतर काशा मिखा, गावचे धर्मगुरू, त्याला आत घेऊन गेले. रागावले नाहीत.

"इशायाला लवकर बाहेर काढायला निघाला होतास, होय ना?"

"काशा, मी अडसर म्हटला असता आणि तो खरंच पडला असता तर?"

"प्रभूला शुक्रवारी संध्याकाळीच उठता आलं नसतं का? शनिवार कशाला काढला त्याने कबरेत? जे आत आहेत त्यांच्यासाठी काढला, लेकरा. तू तो दिवसच गाळलास, तर आतल्यांजवळ बसायचं कुणी?"

ओदिशो काही बोलणार, तोच झाया दारात आला. गाणं सुरू होताच चार जणांना घेऊन तो रस्त्यावर शोधायला गेला होता.

"गाडी सापडली. पुलाच्या वळणावर." तो ओदिशोकडे बघत नव्हता. "दारं उघडी. अंडी जशीच्या तशी, एकही फुटलेलं नाही."

"आणि पोरगा?"

झायाने नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, देऊळ भरलं होतं. आजचा भाग आनंदाचा. तो संपला की प्रसाद घ्यायचा, घरी जाऊन गहू-मटणाची पातेली उघडायची. ओदिशो उभा राहिला. त्याने काशांकडे पाहिलं, श्मूनीकडे पाहिलं. तिने पदर सोडला आणि मान डोलावली. अगदी हळू.

त्याने दुसऱ्या दिवसाचं गाणं उचललं.

"खोल पाण्याने मला वेढलं, शेवाळ माझ्या डोक्याला गुंडाळलं. पृथ्वीचे अडसर माझ्यामागे पडले."

बायकांच्या बाजूने एकच आवाज उठला, चिरका, बेसूर, श्मूनीचा: "तिथूनही तू माझं ऐकलंस." त्यात झाया मिसळला, मग सगळं देऊळ. ओदिशोने एकही कडवं सोडलं नाही. अंधार गायला, चिखल गायला, त्या पोटातला वास गायला. भीती गेली नाही. पण ती आता सगळ्यांच्या गळ्यात वाटली गेली होती.

पोटातलं गाणं संपलं. आता किनारा उरला होता. त्याने पान उलटायला हात उचलला आणि तो तसाच थांबला. काशांनीही घाई केली नाही. मागच्या रांगेतले काही जण प्रसादासाठी उठले.

खातूनआत्या तेवढी हलली नाही. तीन दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. ओठ फुटले होते.

"आत्या, चला ना," शेजारणीने तिचा दंड धरला. "उपास सुटायची वेळ झाली."

"तू जा," ती म्हणाली. "पोरगं अजून आत आहे."

उठलेले लोक एकेक करून पुन्हा खाली बसले.