शेवटचे ठिपके

मास्तरांनी कॉम्प्युटरवरचं चित्र पुन्हा थांबवलं, पडद्याला पट्टी लावली आणि कागदावर आणखी एक ठिपका दिला. पुलाजवळच्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात त्यांच्या मुलाची मोटारसायकल पुलाच्या कठड्याकडे निघाली होती. दर अर्ध्या सेकंदाला एक ठिपका. ठिपके लांब गेले तर वेग वाढला, जवळ आले तर ब्रेक लागला. इतकं साधं.

याच टेबलावर त्यांनी जन्मभर शिकवण्या घेतल्या होत्या. सर मुंगीच्याही मागे ठिपके काढत जातील, अशी पोरं टिंगल करायची. त्यात घरचं पोर सगळ्यांच्या पुढे. त्याची आई आतल्या खोलीत भाजी निवडता निवडता सगळं ऐकत असायची.

तो गेल्यापासून लोक कुजबुजत होते. नोकरी सुटली होती म्हणे, कुणाशी बोलत नव्हता म्हणे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! मास्तरांच्या धाकट्या भावाने तर तोंडावरच विचारलं, "अपघातच ना, दादा?" तेव्हापासून बायकोने एकच धोसरा लावला होता.

"त्याने ब्रेक मारला होता का, तेवढं मला बघून सांगा."

शेवटचा ठिपका कठड्यापाशी पडला. मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. ठिपके लांब लांब होत थेट कठड्यापर्यंत गेले होते. रस्ता कोरडा, लख्ख ऊन, आडवं कुणी आलेलं नाही.

"अरे पोरा, एकदा बोलायचंस तरी," ते कागदालाच म्हणाले.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. त्यांनी घाईघाईने खोडरबर उचलला.

ती हात पुसत आली तेव्हा शेवटचे ठिपके एकमेकांना खेटून बसले होते.

"हे बघ," मास्तर म्हणाले. "इथून पुढे जवळ जवळ येत गेलेत. म्हणजे..."

"माहितीये मला."

ती वाकली. ठिपक्यांवरून बोट फिरवत गेली. शेवटाकडे बोट सावकाश झालं. पेन्सिल दाबून काढायची त्यांची जुनी सवय. खोडलेल्या जागी कागदाला खळगे राहिले होते. एका खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत बोटाला बरंच अंतर जावं लागलं.

"मारला होता की ब्रेक," ती म्हणाली. "भावजी आले की हाच कागद दाखवा."

"हो."

"थांबा जरा."

तिने टेबलावरचा खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा केला. मग त्यांच्या बाहीवरचा झटकला, आणि ती बाही तशीच धरून उभी राहिली.